सत्रात सगळे माना डोलावतात, आठवड्याने पाटी कोरी. काय बदलावं?

निरोप्या:
वस्तीतल्या प्रौढांसाठी रक्तदाब आणि मधुमेहावर महिन्यातून एक सत्र असतं. ४५ मिनिटं बोलणं, ३० स्लाइड, शेवटी माहितीपत्रक. "समजलं का?" विचारलं की एकसुरात "हो". आठवड्याने तेच लोक सांगतात, "डोकं दुखलं नाही, म्हणून बीपीची गोळी घेतली नाही." निम्म्या लोकांना वाचन सहज जमत नाही. "सोप्या भाषेत सांगा" हे ऐकून झालंय, त्यापलीकडचं हवंय.

चष्मेवाली:
आधी "समजलं का?" टाकून द्या. चारचौघांत "नाही" म्हणून कमीपणा कोण घेईल? त्याऐवजी ऐकणाऱ्याला उलट सांगायला लावा, पण ओझं स्वतःकडे ठेवून: "मला नीट सांगता आलं का, ते बघायचंय. ही गोळी कधी, कशी घ्यायची, हे घरी कसं सांगाल?" उत्तर चुकलं तर तेच वाक्य आवाज चढवून म्हणू नका. शब्द बदला, पुन्हा विचारा. दोन-तीन मुद्दे झाले की लगेच हे करायचं. सगळं शेवटाला ठेवलं तर तोंडी परीक्षा होते आणि लोक चपला शोधायला लागतात.

गोळीचंच घ्या. लोकांचा हिशोब सरळ आहे: बीपी वाढलं तर डोकं दुखणार; दुखत नाही, म्हणजे बीपी ठीक. हा हिशोब तसाच राहिला तर "रोज घ्या" कितीही वेळा सांगा. आधी विचारा, "बीपी वाढल्याचं कशावरून कळतं?" उत्तरं येऊ द्या. मग सांगा की बहुतेकांना काहीच जाणवत नाही, मोजल्याशिवाय कळत नाही. शिवाय आकडा नॉर्मल आला तो गोळी चालू असताना, त्यामुळे डॉक्टरांना न विचारता ती बंद करायची नाही.

शब्दही तपासा. "रिपोर्ट निगेटिव्ह" ऐकून घाबरणारे असतात. "उपाशीपोटी या" एवढंच सांगितलं तर कुणी चहा घेऊन येतो, कुणी पाण्याचा थेंबही न घेता. किमान ८ तास काही खायचं नाही, साधं पाणी चालतं, असं पूर्ण सांगा.

आणि ३० स्लाइड? एका सत्राला एक कृती पुरे.

मीठमोजणी:
ती एक कृती हाताने करायची असू द्या. "मीठ कमी खा" हा उपदेश झाला. पाकीट वाचणं हे कौशल्य. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नाही. पाकिटावर बहुधा सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ. १०० ग्रॅममागे ६०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर १.५ ग्रॅम मीठ. पाकीट १५० ग्रॅमचं असेल आणि एकट्याने संपवलं, तर सव्वादोन ग्रॅम. दिवसाचा जवळजवळ निम्मा कोटा तिथेच उडाला.

लोक चुकतात ते गुणाकारात नाही. आकडा १०० ग्रॅमचा की एका वेळच्या वाढणीचा, तिथे चुकतात. म्हणून रिकामी पाकिटं आणा, आधी ती ओळ बोटाने शोधायला लावा. वाचता न येणाऱ्यांसाठी तेवढं मीठ चमच्याने काढून पाकिटाशेजारी ठेवा. "हे खाऊ नका" दाखवायला चित्रांवर लाल फुली मात्र नको. फुली विसरली जाते, चित्र लक्षात राहतं.

निरोप्या:
हे जमेल. सत्रात बीपी मोजतोच, पण बऱ्याच जणांचे आकडे जास्त येतात आणि घबराट होते.

कफ-आणि-खुर्ची:
आधी मोजणीच तपासा. माणूस जिना चढून आला, गप्पा चालू, शर्टावरून कफ (दंडाला गुंडाळायचा यंत्राचा पट्टा), हात लोंबता: यातल्या प्रत्येक गोष्टीने आकडा फुगू शकतो. दंड जाड आणि कफ लहान असला तरी तेच. आधी अर्धा तास चहा-कॉफी, धूम्रपान, व्यायाम नको. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडी न घालता ५ मिनिटं शांत बसावं. कफ उघड्या दंडावर, हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा.

एकदा १४०/९० च्या वर आलं म्हणजे आजार ठरला, असं नाही. वेगळ्या दिवशी पुन्हा मोजायचं आणि वाढलेलंच आलं तर डॉक्टरांकडे. १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूला अशक्तपणा किंवा बोलताना अडखळणं असेल, तर वाट न पाहता थेट रुग्णालयात. कुठे, कोणत्या वारी, किती वाजता जायचं हे चिठ्ठीवर लिहून हातात द्या. "डॉक्टरांना दाखवा" एवढ्यावर सोडलेला माणूस बहुधा जात नाही.

सत्र कसं झालं हे तिथेच विचारू नका, सगळे छानच म्हणतात. दोन आठवड्यांनी पाच जणांना गाठून पाकीट हातात द्या. तिघांना सोडियमची ओळ सापडली नाही, तर पुढच्या महिन्यात विषय तोच.