बी.एस्सी. केमिस्ट्रीवरून फॉरेन्सिक लॅब: नेमकं काय पक्कं करायचं?

गंगापूररोडकर
नाशिकमध्येच एफ.वाय.बी.एस्सी. चालू आहे, मेजर केमिस्ट्री. पुढे फॉरेन्सिकमध्ये, त्यातही टॉक्सिकोलॉजीकडे (विषांची तपासणी) जायचंय. घरचे म्हणतात, हे सोड आणि मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय संस्थेत बी.एस्सी. फॉरेन्सिकला जा. जावं का? आणि इथेच राहिलो तर केमिस्ट्रीतलं काय घट्ट करायचं? आमची प्रॅक्टिकल्स म्हणजे सॉल्ट ॲनालिसिस आणि टायट्रेशन. त्याचा तिकडे काही उपयोग होतो का?

मुद्देमाल
फक्त नावासाठी कोर्स बदलू नकोस. विष, दारू, अमली पदार्थ, स्फोटकं या विभागांतलं रोजचं काम केमिस्ट्रीचंच असतं. म्हणून तर पोलीस ठाण्यात आणि कोर्टात त्या अहवालाला आजही 'सीए रिपोर्ट' म्हणतात. सीए म्हणजे केमिकल ॲनालायझर, हिशेब तपासणारा नव्हे. राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाचं मुख्यालय मुंबईत कालिन्याला आहे, आणि प्रादेशिक प्रयोगशाळा नाशिकलाही आहे. भरतीची जाहिरात निघाली की शैक्षणिक अर्हतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाच: पदवीत कोणता विषय मागितलाय, श्रेणी कोणती. डीएनए किंवा सायबरकडे जायचं असतं तर सल्ला वेगळा दिला असता. टॉक्सिकोलॉजीसाठी बी.एस्सी. केमिस्ट्री आणि मग एम.एस्सी. ॲनालिटिकल किंवा फॉरेन्सिक, हा रस्ता चांगला आहे. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचाही विचार पदवीनंतर करता येईल.

ब्युरेट_५०
टायट्रेशनला हसू नका. तिथे लागलेली हाताची सवय पुढे जीसीवरही (गॅस क्रोमॅटोग्राफ, वाफेतले घटक वेगळे करणारं यंत्र) दिसते. साधं उदाहरण देतो. १००० पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) साठा द्रावणापासून १० पीपीएम करायचंय. बहुतेक जण १ मिली घेऊन १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरतात. उत्तर बरोबर येतं, पण १ मिलीच्या अ वर्गाच्या पिपेटची मुभाच (चालवून घेतली जाणारी चूक) पाऊण टक्क्याच्या आसपास असते. तेच १० मिलीच्या पिपेटने १०० मिलीत, आणि त्यातले १० मिली पुन्हा १०० मिलीत, असं दोनदा केलं तर पिपेटकडून येणारी चूक जेमतेम ०.३ टक्के राहते. (१० मिलीच्या पिपेटची मुभा ±०.०२ मिली.) मेजरिंग सिलिंडरने मोजलंत तर विषयच संपला.

आता रक्तातल्या अल्कोहोलचं बघा. हेडस्पेस जीसी, आणि घटक ज्वालेत जाळून मोजणारा एफआयडी डिटेक्टर. बंद व्हायलमध्ये रक्त आणि आंतरिक मानक (तुलनेसाठी ठरावीक प्रमाणात घातलेला पदार्थ) घालतात, ठरलेल्या तापमानाला समतोल येऊ देतात आणि वरची वाफ स्तंभात सोडतात. गडबड इथे होते:

– रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसली, तर नमुना तिथेच संशयास्पद ठरतो.
– नळीत सोडियम फ्लोराईड नसेल किंवा कमी असेल, तर जंतू ग्लुकोजपासून अल्कोहोल तयार करतात. फ्लोराईड भरपूर पण रक्त थोडं, असं झालं तर क्षारामुळे अल्कोहोल जास्त प्रमाणात वाफेत जातं. त्यात मानक द्रावणं साध्या पाण्यात केलेली असतील तर मेळ बसत नाही.
– आंतरिक मानक म्हणून एन-प्रोपॅनॉल सर्रास वापरतात. पण कुजलेल्या मृतदेहात ते आपोआपच तयार होतं. मग आलेखावर त्याचा पीक फुगतो, त्याच्याशी इथेनॉलचं (म्हणजे दारूतल्या अल्कोहोलचं) गुणोत्तर घटतं आणि इथेनॉल कमी दिसतं. अशा वेळी टर्शरी ब्युटॅनॉल बरं.
– एकाच स्तंभावरच्या रिटेन्शन टाइमवर (पदार्थाला स्तंभातून बाहेर यायला लागणारा वेळ) विसंबायचं नाही. वेगळ्या ध्रुवीयतेच्या दुसऱ्या स्तंभावरही तोच निष्कर्ष यायला हवा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ आहे. तुमचं उत्तर ३१ आणि अनिश्चितता ±२ असेल, तर 'मर्यादेपेक्षा जास्त' असं छातीठोक लिहिता येईल का? एरर ॲनालिसिसचं प्रकरण परीक्षेपुरतं पाठ करू नका, ते यासाठी आहे. मानक द्रावणांच्या आलेखाचा आर-वर्ग (बिंदू रेघेशी किती जुळतात त्याचा आकडा) ०.९९९ आला म्हणून खूश होऊ नका. ३०० चा बिंदू सगळी रेघ आपल्याकडे ओढतो आणि १० च्या बिंदूवर वीस टक्के चूक असली तरी आर-वर्ग ढिम्म हलत नाही. प्रत्येक बिंदू रेघेपासून किती टक्के दूर आहे ते वेगळं काढून बघा.

निफाडची_सुरेखा
वरच्यांनी अल्कोहोल घेतलं, मी व्हिसेरा (मृतदेहातून तपासणीसाठी काढलेले अवयव) घेते. द्राक्षपट्ट्यात राहून टॉक्सिकोलॉजी शिकायची तर कीटकनाशकं आधी. ऑर्गनोफॉस्फरस, कार्बामेट, पायरेथ्रॉइड यांच्या रचना कागदावर काढता आल्या पाहिजेत. कोणता बंध अल्कलीत तुटतो हे त्यावरूनच कळतं, आणि नमुना चुकून अल्कलाइन केला तर विष हातचं कसं जातं तेही. टीएलसीसाठी (पातळ थराच्या प्लेटवर घटक वेगळे करणं) हेक्झेन-ॲसिटोन ८:२ पासून सुरुवात करा. चेंबरमध्ये फिल्टर पेपर लावून वाफ भरू द्या, नाहीतर आरएफ (द्रावकाच्या तुलनेत डाग किती वर चढला ते गुणोत्तर) रोज वेगळा येईल. त्याच प्लेटवर शेजारी ज्ञात नमुना हवाच, पुस्तकातल्या आरएफशी जुळवून भागत नाही.

ॲसिड-बेसमधला पीकेए (आम्ल किती तीव्र त्याचा आकडा) नीट कळला की स्टास-ऑटो (अवयवांतून विष द्रावकात काढायची पद्धत) पाठ करावी लागत नाही. आम्लधर्मी औषधं आम्ल माध्यमातून द्रावकात येतात, अल्कलॉइड्स अल्कलाइन माध्यमातून. मॉर्फीन मात्र फसवतं. त्यात फिनॉलही आहे आणि अमाइनही, त्यामुळे कॉस्टिक सोडा घालून माध्यम तीव्र अल्कलाइन केलं तर फिनॉलेट होऊन ते पाण्यातच बसतं. अमोनियाने पीएच ९ च्या आसपास ठेवा, आणि नुसत्या क्लोरोफॉर्मऐवजी त्यात आयसोप्रोपॅनॉल मिसळा, ३:१.

गंगापूररोडकर
मुंबईला जायचं रद्द! सुरेखाताई, सॉल्ट ॲनालिसिसचं राहिलं.

निफाडची_सुरेखा
त्याचा उपयोग धातूंच्या विषात आहे, आणि ब्लँकची सवय लागते. प्रत्येक चाचणीसोबत नमुन्याशिवाय नुसत्या अभिकर्मकांची एक नळी चालवायची. आर्सेनिक शोधायच्या मार्श चाचणीतलं जस्तच आर्सेनिकयुक्त निघालं तर निर्दोष व्हिसेऱ्यातही आर्सेनिक 'सापडतं'.

मुद्देमाल
अजून एक, जर्नल. कच्च्या कागदावर आकडे लिहून घरी 'फेअर' करायची कॉलेजातली रीत आजपासून बंद कर. वजन केल्या जागी, पेनने, वेळेसह लिही. चुकलं तर एकच आडवी रेघ, वाचता येईल अशी, आणि बाजूला सही-तारीख. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मुळे शासकीय तज्ज्ञाचा अहवाल पुराव्यात थेट वापरता येतो, पण कोर्ट तुला बोलावूही शकतं. व्हाइटनर लावलेला आकडा बचावाचा वकील आधी शोधतो.