इन्स्टावर फेक अकाउंट आणि ऑफिसबाहेर उभं राहणं: पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) घेतली, पुढे काय करता येईल?

कृष्णाकाठची

माहितगारांनी कृपया मदत करा. धागा माझ्या मावसबहिणीसाठी काढतेय. ती पुण्यात नोकरीला आहे, पीजीत राहते. कॉलेजातल्या एका मुलाने लग्नाचं विचारलं, हिने नाही म्हणून सांगितलं आणि तेव्हापासून हे सगळं सुरू आहे. आधी फोन, मग व्हॉट्सॲप, ब्लॉक केलं की नवीन नंबर. आता इन्स्टावर तिचाच फोटो लावून कोणीतरी अकाउंट काढलंय (कोणीतरी म्हणजे तोच, पण सिद्ध कसं करायचं) आणि त्यावरून तिच्या ऑफिसातल्या लोकांना रिक्वेस्ट आणि घाणेरडे मेसेज जातायत. मध्ये एकदोनदा तो ऑफिसच्या गेटबाहेर उभा होता, काही बोलला नाही, नुसता उभा.

पोलीस ठाण्यात गेलो तर तिथल्या अंमलदारांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, हात लावला का? नाही ना? मग एनसी करून घ्या, आम्ही बोलावून समज देतो. एनसीच्या कागदावर ३५२ आणि ३५१(२) (म्हणजे अपमान आणि धमकी) लिहिलंय. समज दिल्यावर थोडे दिवस शांत होता, आता परत सुरू, आणि नव्या अकाउंटवरून धमकी आलीय की तुझे एडिट केलेले फोटो तुझ्या वडिलांना पाठवतो, मग बघू कोण लग्न करतं तुझ्याशी. घरचे म्हणतात केस नको, मुलीचंच नाव खराब होतं. तिला स्वतःला मात्र करायचीय.

हे स्टॉकिंगमध्ये (पाठलागाच्या गुन्ह्यात) बसतं का? ऑनलाइनचा कायदा वेगळा आणि प्रत्यक्षातला वेगळा असं काही आहे का? आणि अकाउंट त्याचंच आहे हे आपण शोधायचं की पोलिसांनी?

रांगडा_गडी

सरळ आयटी ॲक्टचं ६६ए (ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराचं कलम) लावा, नाहीतर महिला अत्याचारांविरुद्धचा आपला शक्ती कायदा आहेच की. आठ दिवसांत आत जाईल.

वकीलबाई

रांगडे भाऊ, ६६ए सुप्रीम कोर्टाने २०१५ च्या मार्चमध्येच रद्द केलंय, श्रेया सिंघलच्या निकालात. त्याची सुरुवात आपल्या पालघरचीच, २०१२ मध्ये बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली होती ते आठवत असेल. आणि शक्ती विधेयक विधिमंडळात २०२१ च्या डिसेंबरात मंजूर झालं खरं पण राष्ट्रपतींची मंजुरीच मिळाली नाही, त्यामुळे तो कायदा कधी अस्तित्वातच आला नाही. ठाण्यात जाऊन या दोघांपैकी एकाचं जरी नाव घेतलंत तरी समोरचा हसेल आणि तुमच्या खऱ्या मुद्द्याकडेही लक्ष देणार नाही.

आता कृष्णाकाठची ताई, तुमच्याकडे येते. जरा लांबेल.

स्टॉकिंगचं कलम आधी आयपीसीत ३५४ डी होतं. २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर न्या. वर्मा समिती बसली आणि २०१३ च्या दुरुस्तीत ते आलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. पहिल्यांदा दोषी ठरला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण जामीनपात्र. परत तोच गुन्हा करून दोषी ठरला तर ५ वर्षांपर्यंत आणि अजामीनपात्र. म्हणजे पहिल्या केसमध्ये तो टेबल जामिनावर (म्हणजे ठाण्यातूनच) सुटणार, त्याआधी बहुतेक नुसती नोटीसच मिळणार, याची मनाची तयारी आत्ताच ठेवा. आत टाका आत टाका म्हणणारे लोक हे सांगत नाहीत आणि मग चौथ्या दिवशी तो बाहेर दिसला की मुलगी खचते.

पण ७८ दखलपात्र आहे, सगळ्यात महत्त्वाचं हे. दखलपात्र म्हणजे एफआयआर, एनसी नाही. एनसीवर कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही, म्हणून तर समज देऊन सोडलं. तुमच्या हकिगतीतला एकच गुन्हा दखलपात्र असला तरी अख्खं प्रकरण दखलपात्र धरायचं असतं, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या (म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) १७४(४) मध्ये लिहिलंय. "हात लावला का" हा प्रश्न या कलमाला लागूच नाही.

आता गंमत बघा. तुम्ही जे "नुसता उभा होता" म्हणून एका ओळीत उरकलंय ना, माझ्या दृष्टीने तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची ओळ ती आहे. कलमाचा पहिला भाग म्हणतो की पुरुषाने बाईचा पाठलाग केला आणि तिने नको म्हणून स्पष्ट दाखवलेलं असताना वारंवार संपर्क साधला किंवा साधायचा प्रयत्न केला. दुसरा भाग म्हणतो की तिच्या इंटरनेट, ईमेल वगैरे वापरावर पाळत ठेवली. नुसते मेसेज असतील तर आरोपीचा वकील म्हणतो पाठलाग कुठाय, नुसता उभा राहिला असेल तर म्हणतो संपर्क कुठाय. तुमच्याकडे दोन्ही आहे आणि तक्रारीत मात्र बहुतेक फक्त इन्स्टाच लिहिलं असणार, बरोबर ना? आणि "एकदोनदा" असं मोघम लिहू नका. नागपूर खंडपीठाने अलीकडेच म्हटलंय की मुलीच्या मागे एकदाच गेल्याची एकटी घटना म्हणजे स्टॉकिंग नाही, वारंवारता दिसली पाहिजे. त्यामुळे प्रत्येक वेळेची तारीख, वेळ, कुठल्या गेटवर, सोबत कोण होतं, सगळं लिहायचं, आठवत नसेल तर ऑफिसच्या पंचिंगवरून आणि कॅबच्या बिलावरून काढायचं. आणि ऑफिसच्या ॲडमिनला आजच्या आज ईमेल टाका की अमुक दिवसांचं गेटचं सीसीटीव्ही फुटेज राखून ठेवा, ते ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

बाकीची कलमं पटपट सांगते. ७९ म्हणजे जुनं ५०९, शब्दाने हावभावाने विनयभंग, ३ वर्षांपर्यंत. त्यावर "शब्द म्हणजे तोंडी बोललेलाच" असा बचाव व्हायचा, तो मुंबई हायकोर्टाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये फेटाळला, ईमेल आणि सोशल मीडियावरचं लिखाणही त्यात येतं. फोटोंची धमकी ही नाव लपवून दिलीय म्हणून ३५१(४), त्यात मूळ धमकीच्या शिक्षेवर आणखी २ वर्षांपर्यंत वाढते, आणि चारित्र्यावर शिंतोडे उडवायची धमकी असेल तर ३५१(३), तिथे ७ वर्षांपर्यंत आहे. तिच्या नावाचं अकाउंट म्हणजे आयटी ॲक्टचं ६६सी (ओळख चोरणं) आणि ६६डी (तोतयेगिरी). एडिट केलेले फोटो नग्न वगैरे असतील आणि खरंच पाठवले तर ६७ किंवा ६७ए. ऑनलाइनचा वेगळा प्रत्यक्षाचा वेगळा असं नाही, एकाच एफआयआरमध्ये दोन्ही कायद्यांची कलमं लागतात. फक्त आयटी ॲक्टचा तपास पीआय किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, आणि ते सांगणारं कलमही योगायोगाने ७८च आहे, त्यामुळे ठाण्यात कुठलं ७८ म्हणताय ते नीट सांगा 😄

आप्पा_बोलतो

सगळं ठीक आहे पण व्यवहार बघा. नंबर बदला, इन्स्टा बंद करा, सहा महिन्यांत तो कंटाळतो. कोर्टाची पायरी चढली की वर्षं जातात. मुलीच्या लग्नाचं बघायचं असेल तर आणखीनच.

लॉगवाला

आप्पा, तुम्ही वडीलधारे म्हणून आदर आहेच पण तिने ब्लॉक करून पाहिलंच आहे की, तरी तो ऑफिसच्या गेटवर आला. इन्स्टा तिने बंद केलं तरी तिच्या नावाचं खोटं अकाउंट चालूच राहणार, उलट मग लोकांना तेच खरं वाटणार.

ताई, मी पोलिसात नाही पण सायबरच्या तपासाला लागणारी माहिती काढून देणं हे माझं कामच आहे, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. अकाउंट कोणाचं ते शोधणं पोलिसांचंच काम. ते इन्स्टाला अधिकृत मागणी पाठवतात, तिथून अकाउंटचा फोन नंबर किंवा ईमेल आणि लॉगिनचे आयपी ॲड्रेस वेळेसकट येतात, मग ते आयपी त्या वेळेला कोणाकडे होते हे मोबाइल कंपनीकडून काढतात. पण हे लॉग कंपन्या कायम ठेवत नाहीत, आणि अकाउंट डिलीट झालं की आणखी अवघड. म्हणून उशीर नको.

तुमचं काम काय तर पुरावा नीट धरणं. आधी रिपोर्ट करून अकाउंट उडवू नका, आधी सगळं उतरवून घ्या. स्क्रीनशॉटमध्ये हँडल आणि तारीख वेळ दिसली पाहिजे, नुसता मेसेजचा तुकडा कापून घेतलेला उपयोगाचा नाही, त्यापेक्षा स्क्रीन रेकॉर्डिंग करा, प्रोफाइल उघडलं तिथून चॅटपर्यंत सलग. प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. ऑफिसातल्या ज्यांना मेसेज आले त्यांच्याही फोनवरचं घ्या, ते साक्षीदार आहेत. व्हॉट्सॲपचं चॅट एक्स्पोर्ट करा, आणि तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर सर्टिफिकेट लागतं, पूर्वी ६५बी म्हणायचे, आता साक्ष अधिनियमाचं ६३. जालन्याच्या निवडणुकीच्या वादात खोतकर विरुद्ध गोरंट्याल म्हणून जे गाजलं त्यात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं की प्रत दाखल करायची असेल तर हे सर्टिफिकेट हवंच.

आणि तिचं इन्स्टा दुसरीकडे कुठे लॉगिन आहे का, व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हायसेसमध्ये अनोळखी काही दिसतंय का ते बघा. त्याला तिच्या शिफ्टच्या वेळा कशा कळतात हा प्रश्न तुम्हाला पडला नाही का? काही सापडलं तर लगेच लॉग आउट करू नका, आधी त्याचा फोटो घ्या. वकीलबाई म्हणतायत तो पाळत ठेवण्याचा दुसरा भाग तिथेच सिद्ध होतो.

रांगडा_गडी

६६ए चं माहीत नव्हतं, धन्यवाद. एक शंका, मुलाला असा त्रास झाला तर? माझ्या मित्राच्या मागे एक मुलगी अशीच लागली होती.

वकीलबाई

७८ नाही लागत. कलमातच पुरुषाने स्त्रीचा असं आहे. धमकी, फेक अकाउंट, अश्लील मजकूर ही कलमं कोणालाही लागू आहेत, मित्राला ती वापरता येतील.

थेम्सकाठची_सासुरवाशीण

अवांतर होईल पण राहवत नाही. इकडे इंग्लंडमध्ये १९९७ चा छळविरोधी कायदा आहे, त्यात स्टॉकिंग असा वेगळा गुन्हा २०१२ मध्ये घातला. त्यातही निदान दोनदा घडलेलं दाखवावं लागतंच. पण मला जास्त कामाची वाटते ती २०२० पासून आलेली सोय, पोलीस कोर्टाकडून त्या माणसावर संरक्षण आदेश घेतात, शिक्षा होईपर्यंत थांबायची गरज नाही, की इथे जायचं नाही, तिला मेसेज करायचा नाही, आणि मोडला तर तो स्वतंत्र गुन्हा, ५ वर्षांपर्यंत. आपल्याकडे असं काही नाहीये का? घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण आदेश असतो असं ऐकलंय.

वकीलबाई

तो कौटुंबिक नात्यातच, हा तर नात्यातला नाही. तुमच्याकडच्यासारखी थेट सोय आपल्याकडे नाही आणि ती असायला हवी हे माझं जुनं रडगाणं आहे. सगळ्यात जवळचं म्हणजे आपली चॅप्टर केस, पूर्वीचं १०७, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १२६. शांतता राखायचा बाँड लिहून घेतात, जास्तीत जास्त एक वर्षाचा. पुण्यात आयुक्तालय असल्याने ते एसीपींसमोर चालतं. एफआयआरबरोबर तोही अर्ज द्या. नुसती समज आणि बाँड यात फरक आहे, समज मोडली तर काही होत नाही, बाँड मोडला तर पैसे जप्त होऊ शकतात.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे खूप आभार, वकीलबाई आणि लॉगवाला दादा तुमचे तर विशेष. बहिणीला धागा वाचायला दिला. ऑफिसच्या ॲडमिनला मेल गेलाय, फुटेज ठेवतो म्हणाले. आणि लिंक्ड डिव्हायसेसमध्ये खरंच एक अनोळखी लॅपटॉप निघाला!! कॉलेजात असताना प्रोजेक्टसाठी त्याच्याच लॅपटॉपवर व्हॉट्सॲप उघडलं होतं म्हणे. फोटो काढून ठेवलाय.

आता शेवटचे प्रश्न. तो सध्या नाशिकला असतो आणि आम्ही सांगलीचे, मग तक्रार नक्की कुठे? परत नाही म्हणाले तर? आणि तिला सारखं ठाण्यात बोलावतील का, घरच्यांची सही लागते का?

वकीलबाई

तो लॅपटॉप निघाला हे फार महत्त्वाचं आहे, तक्रारीत त्याला स्वतंत्र परिच्छेद द्या. फोटो घेऊन झालाय ना, मग आता लॉग आउट करा.

तक्रार कुठेही देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर करून ते पुढे पाठवतात. पण तुम्ही पुण्यातच द्या, गेट आणि साक्षीदार तिथे आहेत. ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवरही टाका, पण तिथे मिळणारा तक्रार नंबर म्हणजे एफआयआर नव्हे. आणि १९३० हा हेल्पलाइन नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, तिथे वेळ घालवू नका.

घरच्यांची सही लागत नाही, ती सज्ञान आहे. ७८ च्या तक्रारीची नोंद महिला अधिकाऱ्यानेच घ्यायची असते. तपासात जबाबासाठी तिला ठाण्यात बोलावता येत नाही, ती राहते तिथे येऊन घ्यायचा, आणि मॅजिस्ट्रेटसमोरही तिचा जबाब होईल, होता होईल तो महिला मॅजिस्ट्रेट. एफआयआरची प्रत फुकट मिळते. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत तिला कळवायचं असतं, नाही कळवलं तर लेखी विचारायचं.

"आधी चौकशी करू" म्हणाले तर करू दे, पण अशा गुन्ह्यात ती डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने आणि १४ दिवसांतच संपवायची असते. घेतच नाहीत म्हटलं तर तक्रारीची प्रत परिमंडळाच्या उपायुक्तांना रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने, आणि तिथूनही काही नाही झालं तर शपथपत्र जोडून मॅजिस्ट्रेटकडे १७५(३) चा अर्ज, म्हणजे पोलिसांना तपासाचा आदेश द्या असा. तिथे वकील लागेल, मला व्यनि (खासगी निरोप) करा, पुण्यातली एक मैत्रीण सुचवते.

तक्रारीच्या दोन प्रती काढा, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. जुन्या एनसीची झेरॉक्स जोडा. समज दिल्यानंतरही त्याने परत केलं, हे दाखवायला तोच कागद उपयोगी पडेल.