टीव्हीवरचा भटक्या थेट मंत्री? निकोला युलोचं नेमकं काय झालं?

कंदील
फ्रेंच कानावर पडावं म्हणून जुने रेडिओ इंटरव्ह्यू ऐकत असतो, त्यात फ्रान्स इंतेरवरचा २८ ऑगस्ट २०१८ चा एक हाती लागला आणि डोकंच चक्रावलं. पर्यावरण मंत्री निकोला युलो सकाळी स्टुडिओत बसलाय, नेहमीसारखे हवामान बदलावर प्रश्न चाललेत आणि बोलता बोलता हा माणूस सांगून टाकतो की मला आता स्वतःशी खोटं बोलायचं नाही, मी सरकारमधून बाहेर पडतोय. निवेदक दोघंही गारद. राष्ट्राध्यक्षांना सांगितलं नाही, पंतप्रधानांना सांगितलं नाही, डायरेक्ट माईकवर!! नंतर शोधलं तर कळलं की हा मुळात टीव्हीवरचा स्टार, निवडणूक एकही जिंकलेला नाही. मग तो मंत्री झालाच कसा? आणि मंत्री म्हणून काही केलं का नुसता चेहरा होता? कुणी फ्रान्सचं राजकारण फॉलो करत असेल तर सांगा, सविस्तर लिहिलंत तरी चालेल.

सायकलवाली
सविस्तर म्हणालास म्हणून लिहिते, मग वैतागू नकोस :) जन्म १९५५ चा, लील शहरातला. सुरुवात फोटो पत्रकार म्हणून, सिपा नावाच्या एजन्सीत, मग रेडिओ, आणि १९८७ मध्ये टीएफ-१ या चॅनलवर 'उशुआया' हा निसर्ग-भटकंतीचा कार्यक्रम सुरू झाला तिथून नशीब फळफळलं. बर्फाचे कडे, ज्वालामुखी, वाळवंट, आणि हा हेलिकॉप्टरला लटकून धापा टाकत कॅमेऱ्याशी बोलतोय. फ्रान्समध्ये ऐंशी-नव्वदच्या दशकात वाढलेल्या कुणालाही विचार, त्याचा तो दमलेला आवाज लगेच काढून दाखवतील. कार्यक्रम इतका चालला की लॉरियलने त्याच नावाचा शॉवर जेल काढला, तो घरोघरी पोचला. त्याच पैशातून आणि ओळखीतून १९९० मध्ये संस्था काढली, ती पुढे त्याच्याच नावाने ओळखली जायला लागली.

राजकारणात तो मागच्या दाराने आला असं म्हणता येईल. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांच्याशी त्याची दोस्ती होती. २००२ ला जोहान्सबर्गच्या पर्यावरण परिषदेत शिराक म्हणाले ना, आपलं घर जळतंय आणि आपण दुसरीकडे बघतोय, त्यांना या विषयाकडे वळवण्यात युलोचा मोठा हात मानला जातो. मग २००६ च्या शेवटी त्याने एक 'पर्यावरण करार' काढला, त्यात कार्बन टॅक्स होता, पर्यावरणासाठी उपपंतप्रधान हवा अशीही मागणी होती, आणि म्हणाला २००७ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीतले जे उमेदवार सही करणार नाहीत त्यांच्या विरोधात मी स्वतः उभा राहीन. सार्कोझी आणि सेगोलेन रोयाल या दोन्ही मोठ्या उमेदवारांनी मुकाट सही केली. सामान्य लोकांच्या सह्या सात लाखांच्या वर गेल्या. जानेवारी २००७ मध्ये हा गडी रिंगणातून बाजूला. माझं मत विचारशील तर त्याच्या आयुष्यातला सगळ्यात ताकदवान काळ तोच, खुर्ची नव्हती तरी सगळे घाबरून होते.

उंडगा
पूर्ण कौतुकच का? हेलिकॉप्टरमधून फिरून निसर्ग वाचवा सांगणारा माणूस तो, फ्रान्समधले हरितवालेच त्याची टर उडवायचे. संस्थेचा एक मोठा प्रायोजक कोण, तर अणुभट्ट्या चालवणारी ईडीएफ. आणि मंत्री झाल्यावर संपत्ती जाहीर करावी लागली तेव्हा सत्तर लाख युरोच्या वर निघाली, आणि इंजिनवाली वाहनं किती? नऊ! गाड्या, बोट, मोटरसायकल सगळं धरून. पर्यावरण मंत्री हां.

आणि तो २००९ चा सिनेमा कुणी काढतच नाही, जो त्याने दुसऱ्या एकाबरोबर दिग्दर्शित केला होता. धबधबे-बिबधबे काही नाही, सगळी शहरं, गर्दी, गरिबी, कचरा. टीव्हीवर लाखो बघणारे थिएटरकडे फिरकलेच नाहीत, आपटला.

सायकलवाली
@उंडगा नऊ वाहनं खरी आहेत, नाकारत नाही. पण सिनेमा मला आवडला होता, उलट तिथेच पहिल्यांदा तो सुंदर चित्रं दाखवायचं सोडून हे सगळं कशामुळे होतंय त्यावर बोलला. लोकांना त्याच्याकडून देवमासेच हवे होते त्याला काय करणार.

पायरीवरचा
कंदील, तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलंच नाही. फ्रान्समध्ये मंत्री व्हायला खासदार असावं लागत नाही, उलट खासदार असलास तर मंत्री झाल्यावर ती जागा सोडावी लागते, राज्यघटनेच्या २३ व्या कलमात तसं आहे. पंतप्रधान नाव सुचवतो, राष्ट्राध्यक्ष नेमतो, विषय संपला. म्हणून बाहेरचा माणूस, लेखक, डॉक्टर, टीव्हीवाला थेट मंत्री होऊ शकतो. पण याची दुसरी बाजू अशी की अशा माणसाच्या मागे ना पक्ष, ना खासदार, ना मतदारसंघ. सरकारच्या आत भांडण झालं की त्याच्या बाजूने हात वर करणारं कुणी नसतं. युलो नेमका इथेच अडकला.

मतं मागून बघितली होती त्याने. २०११ ला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला हरित पक्षाची प्राथमिक निवडणूक झाली त्यात उतरला, सगळे धरून चालले होते की हाच जिंकणार. पण पक्षाच्या कार्यकर्त्यांना तो आपला वाटलाच नाही, त्यात मध्येच बोलून गेला की आपण बोर्लो या उजवीकडच्या नेत्याबरोबर जायचाही विचार केला होता, झालं, लोक भडकले. एव्हा जोली या माजी तपास न्यायाधीश बाईंनी त्याला ५८ विरुद्ध ४१ टक्क्यांनी हरवलं. पुढे २०१२ च्या निवडणुकीत जोलींना २.३ टक्के मिळाले ते सोड.

मे २०१७ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी त्याला सरकारात घेतलं, आणि साधं नाही, 'राज्यमंत्री', पण आपल्याकडच्या अर्थाने नाही, तिथे तो सन्मानाचा वरचा दर्जा आहे. शिराक, सार्कोझी, ओलाँद सगळ्यांना नाही म्हणालेला माणूस मॅक्रॉनला हो म्हणाला, म्हणून मोठी बातमी झाली होती.

कंदील
अच्छा, म्हणजे मॅक्रॉनला त्याची लोकप्रियता हवी होती, बरोबर? पण मग काम काय झालं त्या पंधरा महिन्यांत?

पायरीवरचा
काही मोठ्या गोष्टी झाल्या. २०४० नंतर पेट्रोल-डिझेल गाड्यांची विक्री बंद ही घोषणा त्याची. तेल-गॅस शोधायचे नवे परवाने बंद करणारा कायदा २०१७ च्या अखेरीस झाला. नांत शहराजवळ नोत्र-दाम-दे-लांदला विमानतळ होणार होता, त्यावरून कित्येक वर्षं रान पेटलं होतं, तो जानेवारी २०१८ मध्ये रद्द झाला.

पण पडलाही भरपूर. सगळ्यात वाईट अणुऊर्जेचं. २०१५ च्या कायद्यात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत विजेतला अणूचा वाटा ५० टक्क्यांवर आणायचा, आणि नोव्हेंबर २०१७ ला हे जमणार नाही हे सांगायला कॅमेऱ्यासमोर कुणाला उभं केलं तर यालाच! बघितलेस ते फुटेज तर चेहऱ्यावरूनच कळतं. ग्लायफोसेट या तणनाशकावरच्या बंदीचंही तेच, वर्षं मोजत घासाघीस. अर्थ खातं आणि शेती खातं एकीकडे, हा एकटा एकीकडे.

राजीनाम्याच्या आदल्या दिवशीचा किस्सा तर त्याने त्याच इंटरव्ह्यूत सांगितलाय. राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे राजवाड्यात शिकाऱ्यांच्या संघटनेबरोबर बैठक होती, शिकारीचा राष्ट्रीय परवाना ४०० युरोवरून २०० वर आणायचा होता, आणि खोलीत त्यांचा लॉबिस्ट तिएरी कॉस्त बसलेला, ज्याला बोलावणंच नव्हतं. त्यावर युलो म्हणाला हा लोकशाहीचाच प्रश्न आहे, सत्ता कुणाकडे आहे, राज्य कोण करतंय. शिकारी निमित्त झाले एवढंच, आतून तो कधीच संपला होता.

दुपारची_गाडी
इंधनावरचा वाढीव कर विसरलात सगळे. तो याच्याच कारकिर्दीत ठरला, आणि राजीनाम्यानंतर तीन महिन्यांच्या आत त्याविरुद्ध 'पिवळी जाकिटं' घातलेले आंदोलक रस्त्यावर. तो म्हणायचा मी गरिबांसाठी सवलती मागितल्या होत्या, ऐकलं नाही. असेलही, पण सही करणाऱ्या सरकारात बसला होता ना?

बाकी अशी माणसं फ्रान्सला नवीन नाहीत. कोल्यूश हा विनोदी नट १९८० च्या शेवटी राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहतो म्हणाला, सगळ्यांना वाटलं गंमत आहे, आणि जनमत चाचण्यांत दहा टक्क्यांच्या वर गेल्यावर पुढाऱ्यांची गंमत उतरली. शेवटी माघार घेतली. पण १९८५ ला त्याने गरिबांना जेवण देणारी 'रेस्तो द्यु कर' सुरू केली ती आजही चालू आहे. आणि तापी! बेर्नार तापी म्हणजे वेगळाच नग, उद्योगपती, टीव्हीवर कार्यक्रम, मार्सेय फुटबॉल क्लबचा मालक, १९९२ ला राष्ट्राध्यक्ष मित्तराँच्या काळात मंत्री, मग मॅच फिक्सिंगमध्ये तुरुंग, आणि त्याच काळात सिनेमात हिरो. युलो त्यामानाने अगदीच सरळमार्गी म्हणायचा.

उंडगा
सरळमार्गी म्हणताना जरा थांब. नोव्हेंबर २०२१ मध्ये फ्रान्स-२ या टीव्ही चॅनलवरच्या कार्यक्रमात अनेक बायकांनी त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. कार्यक्रम लागायच्या आधीच हा दुसऱ्या चॅनलवर गेला, सगळं नाकारलं आणि सार्वजनिक आयुष्य कायमचं सोडतो म्हणाला. चौकशी झाली पण मुदत उलटून गेली म्हणून प्रकरण बंद. म्हणजे कोर्टात खरं-खोटं झालंच नाही. करिअर लिहायचं तर हेही लिहावं लागेल.

दुपारची_गाडी
मान्य, शब्द चुकीचा निवडला. मी फक्त तापीच्या तुलनेत पैशाच्या भानगडींबद्दल म्हणत होते.

कंदील
बाप रे, हे शेवटचं माहीत नव्हतं. बरं एक राहिलं, त्याच्या जागी कोण आलं मग? परत कुणी टीव्हीवाला?

पायरीवरचा
छे. आधी फ्रांस्वा द रुजी, तो मुरलेला राजकारणी, नॅशनल असेंब्लीचा अध्यक्ष. २०१९ च्या जुलैमध्ये त्याच्या सरकारी घरातल्या जेवणावळींचे फोटो छापून आले, टेबलावर हे मोठे लॉबस्टर, आठवड्याभरात गेला. मग एलिझाबेथ बोर्न. इंजिनियर, पॅरिसच्या मेट्रो कंपनीची प्रमुख राहिलेली, टीव्हीवर कुणी ओळखणार नाही अशी बाई, तोवर एकही निवडणूक न लढलेली. ती मात्र २०२२ मध्ये पंतप्रधान झाली.