काखोव्का धरण फुटलं, त्याचा लष्करी फायदा नेमका कोणाला झाला?

पाणवठा (धागाकर्ता)

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. ६ जून २०२३ च्या पहाटे युक्रेनमधलं नीपर नदीवरचं काखोव्का धरण फुटलं. त्या वेळी धरण रशियाच्या ताब्यात होतं. युक्रेन म्हणतो रशियाने फोडलं, रशिया म्हणतो युक्रेनने. माझा पेच वेगळा आहे. पाणी जास्त पसरलं ते डाव्या तीरावर, म्हणजे रशियाच्याच ताब्यातल्या भागात. त्यांचेच खंदक बुडाले, क्रिमियाकडे जाणारा कालवाही कोरडा पडला. मग यात रशियाने कमावलं काय? आणि हा त्रास पूर ओसरेपर्यंतचाच होता, की लोक अजून भोगतायत?

धरणातलं किंवा लष्करातलं ज्यांना कळतं त्यांनी लिहावं. राजकीय हाणामारीसाठी दुसरे धागे आहेत, इथे नको.

गेटवाला

माझी उभी नोकरी धरणांच्या दरवाज्यांच्या देखभालीत झाली, तेव्हा मी पाण्याच्या बाजूनेच बोलणार. डावपेचांचं सॅपरभाऊ सांगतील, ते इथे असतातच.

सगळे ६ जूनच्या स्फोटापासून गोष्ट सुरू करतात. माझ्या लेखी ती नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू होते. रशियन सैन्य खेरसोन शहर सोडून डाव्या तीरावर गेलं, तेव्हा धरणावरचा रस्ता आणि काही दरवाजे यांच्यापाशी स्फोट झाला. या धरणाला २८ गाळे. दरवाजे उचलायला वरून रुळांवर फिरणाऱ्या गॅन्ट्री क्रेन. म्हणजे प्रत्येक दरवाज्याला स्वतःचं हॉइस्ट, म्हणजे उचलायचं यंत्र, नाही. क्रेन त्या गाळ्यावर आणायची, दरवाजा पकडायचा, उचलायचा, मग पुढच्या गाळ्यावर जायचं. नोव्हेंबरनंतर क्रेन जागच्या हलल्याच नाहीत, हे उपग्रहाच्या फोटोंत दिसतं. जे थोडे दरवाजे उघडे होते ते उघडेच राहिले, बाकीचे बंद ते बंदच.

आता बघा काय होतं. येवा, म्हणजे जलाशयात येणारं पाणी, कमी असताना उघड्या दरवाज्यांतून पाणी निघून जात राहिलं. जलाशयाची नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून १६ मीटर, ती फेब्रुवारी २०२३ मध्ये १४ मीटरवर आली. मग बर्फ वितळलं, पाऊस आला, वरच्या पाच धरणांकडून पाणी येऊ लागलं. काखोव्का त्या साखळीतलं सहावं आणि शेवटचं. विसर्ग वाढवायला दरवाजे हलवावे लागतात, ते कोणी हलवलेच नाहीत. मे महिन्यात पातळी साडेसतरा मीटरवर गेली. पाणी दरवाज्यांच्या डोक्यावरून जात होतं. मुद्दाम म्हणा की हलगर्जी, खालच्या गावांना त्याने काही फरक पडला नाही.

ढोबळ हिशेब करा. जलाशयाचं क्षेत्र सुमारे २१५० चौरस किलोमीटर. चौदापासून साडेसतरापर्यंत साडेतीन मीटर. कडेला थोडी वजाबाकी केली तरी सात अब्ज घनमीटर, म्हणजे आपल्या भाषेत अडीचशे टीएमसीच्या आसपास जादा पाणी. एकूण क्षमता १८ अब्ज घनमीटर, साधारण ६४० टीएमसी. ते धरण फेब्रुवारीत फुटतं तर पूर आलाच असता, पण असा नाही.

बाहेरून तोफा डागून ते पाडलं, हा दावा माझ्या गळी उतरत नाही. काँक्रीटच्या धरणाच्या पोटात तपासणीसाठी गॅलरी असते. ओल, अंधार, कडेने झिरपं वाहून नेणारी नाली, आणि डोक्यावर सगळ्या धरणाचं वजन. इथे लावलेली स्फोटकं जे करतील ते वरून पडलेले गोळे करणार नाहीत. आणि गॅलरीत तोच शिरतो ज्याच्याकडे धरण असतं. नॉर्वेच्या भूकंपमापकांवर पहाटे २ वाजून ५४ मिनिटांची नोंद आहे. बाकी ज्याने त्याने ठरवावं.

सॅपर

गेटवाल्यांनी हाक मारलीच आहे तर येतो.

पाणवठा, "स्वतःचेच खंदक बुडाले" यावर फार अडकू नका. ज्याला मागे सरकून वाट अडवायची असते तो पुढच्या फळीचं नुकसान आधीच धरून चालतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात युक्रेनचं प्रतिआक्रमण सुरू होत होतं. रशियन सेनापतीच्या जागी बसा. झापोरिझ्झिया बाजूची आघाडी सांभाळायची आहे आणि खेरसोनजवळ शत्रू नदी ओलांडेल ही धास्तीही आहे. नदीच काही किलोमीटर रुंद झाली तर दुसरी चिंता तूर्त मिटते, आणि तिथल्या तुकड्या पूर्वेला हलवता येतात. काही तुकड्या तशा हलल्याचं ब्रिटिश संरक्षण खात्याने त्याच महिन्यात सांगितलं होतं.

युद्धात वेळ हीच कमाई असते. याच नदीवर, याच्या वरच्या अंगाला, १८ ऑगस्ट १९४१ रोजी सोव्हिएत सैन्याने आपलंच नीपर धरण उडवलं होतं. जर्मन डाव्या तीरावरच्या झापोरिझ्झियात शिरले ते ऑक्टोबरात. मधल्या काळात पोलाद कारखान्यांची यंत्रं रेल्वेने पूर्वेला गेली. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये खुद्द युक्रेनने कीवच्या उत्तरेला इरपिन नदीचं पाणी सोडून रशियन रणगाडे अडवले. देमिदिव गावच्या लोकांची तळघरं बुडाली, पण राजधानी वाचली. पाणी हे हत्यार चालतं, एवढंच म्हणणं आहे.

गेटवाला

सॅपरभाऊ, चालतं हे मान्य. किती दिवस, ते बोला. खेरसोनला पूर ७-८ जूनला शिगेला गेला, साडेपाच मीटरच्या वर. दोन-तीन आठवड्यांत नदी पात्रात परतली. जूनच्या अखेरीला युक्रेनचे सैनिक तुटलेल्या अंतोनिव्स्की पुलापाशी डाव्या तीरावर होते. ऑक्टोबरात त्यांनी क्रिन्की गाव धरलं आणि पुढच्या जुलैपर्यंत टिकवलं. उलट पुराने डाव्या तीराचे खंदक आणि सुरुंग धुऊन नेले होते, ते रशियनांना पुन्हा लावत बसावं लागलं.

इरपिनशी तुलना तर अजिबात नको. ती छोटी नदी, आपल्याच लोकांच्या बाजूने सोडलेली, गावकरी कुठे आहेत हे माहीत असलेली. चीनची १९३८ ची पीत नदी जवळची वाटते. जपान्यांना झेंगझोऊपाशी अडवायला चिनी सरकारने हुआयुआनकौला बांध फोडला. आधी सांगितलं नाही, सांगितलं तर जपान्यांना कळेल म्हणून. लाखो लोक मेले. वूहान त्याच ऑक्टोबरात पडलंच. नदी जुन्या पात्रात आणायला १९४७ उजाडलं.

कलम छप्पन्न

वकील आहे, थोडक्यात लिहितो. १९७७ च्या जिनीव्हा अतिरिक्त प्रोटोकॉल १ मधलं कलम ५६ धरणं, बांध आणि अणुवीज केंद्रं यांना खास संरक्षण देतं. ते लष्करी लक्ष्य असलं तरी, पाणी सुटून नागरिकांची मोठी हानी होणार असेल तर हल्ला करायचा नाही. अपवाद आहे, पण अरुंद. धरण नेहमीच्या कामापलीकडे वापरलं जात असावं, त्यातून लष्करी कारवाईला नियमित, मोठी आणि थेट मदत होत असावी, आणि ती थांबवायला दुसरा मार्ग नसावा. धरणावरून सैन्याचे ट्रक गेले म्हणून ते फोडायची मुभा मिळत नाही. रशिया आणि युक्रेन दोघेही या प्रोटोकॉलला बांधील आहेत.

त्याच कलमात अशा ठिकाणांसाठी एक खूण दिली आहे, एका रेषेत तीन भडक नारिंगी वर्तुळं. दुरून आणि अंधुक उजेडातही दिसावी म्हणून. कागदावर सुंदर व्यवस्था आहे.

पाणवठा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. पण माझा दुसरा प्रश्न मागेच राहिला. लोकांचं काय झालं?

गेटवाला

खेरसोनच्या गव्हर्नरनी दिलेला आकडा ६०० चौरस किलोमीटर बुडाल्याचा, त्यातला ६८ टक्के डाव्या तीरावर. उजव्या तीरावर निदान होड्या होत्या, बचाव पथकं होती, जरी त्यांच्यावर तोफगोळे पडत होते. डाव्या तीरावर ओलेश्की आणि होला प्रिस्तान इथे लोक छतांवर बसून राहिले. काहींना युक्रेनी ड्रोनने पाण्याच्या बाटल्या टाकल्या. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, ही पुरातली नेहमीची गत. त्या पाण्यात काय काय होतं ते बघा. वीजगृहातलं निदान दीडशे टन यंत्रतेल, शौचकूप, बुडालेली दफनभूमी, आणि सुरुंग. सुरुंग ही सगळ्यांत वाईट गोष्ट. आधी कुठे पेरलेत याचे नकाशे तरी असतात. पुराने ते उचलून कुणाच्या परसात ठेवले, हे कोणत्याच नकाशात नाही.

मृतांचा आकडा युक्रेनच्या बाजूला तीसच्या आसपास. रशियाने आपल्या बाजूला ५९ सांगितले. असोसिएटेड प्रेसच्या पत्रकारांनी ओलेश्कीच्या आरोग्यसेवकांशी बोलून लिहिलं की एकट्या त्या गावातच शेकडो गेले. मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो, कारण ज्याच्या हातात ताबा असतो तो कमीच मोजतो.

पण खरं नुकसान धरणाच्या वरच्या बाजूला आहे, आणि ते कॅमेऱ्यात दिसत नाही. खाली पूर, वर टंचाई. कालव्यांची आणि पाणीपुरवठ्याची तोंडं ठरावीक उंचीवर असतात. पातळी १२.७ मीटरच्या खाली गेली की पंप हवा ओढू लागतात. ८ जूनपर्यंत तेच झालं. निकोपोल, मार्हानेत्स, पोक्रोव या गावांच्या नळाला पाणी येईना. संयुक्त राष्ट्रांनी सात लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न सांगितला होता. युक्रेनच्या कृषी मंत्रालयाच्या हिशेबाने खेरसोन प्रांतातल्या ९४ टक्के आणि झापोरिझ्झियातल्या ७४ टक्के सिंचन योजना पाण्याविना राहिल्या. तो भाग मुळात कोरडा गवताळ. पाणी होतं म्हणून टोमॅटो आणि कलिंगडं.

झापोरिझ्झिया अणुवीज केंद्राचं सगळ्यांना भय होतं. सहाही अणुभट्ट्या बंद होत्या आणि थंड करायच्या पाण्याचा तलाव वेगळा बांधलेला होता, म्हणून निभावलं. पुढे तिथे विहिरी खणल्या. सहा भट्ट्या चालू असत्या तर विहिरींवर भागलं नसतं.

सॅपर

हे वाचून एक मान्य करतो, क्रिमियाचा कालवा रशियाच्या हातून गेला ही मोठी किंमत आहे. २०१४ ला युक्रेनने तो बंद केला होता, २०२२ च्या फेब्रुवारीत रशियनांनी पहिल्या काही दिवसांत जाऊन तो उघडला. तेवढी घाई होती त्यांना. तरी मी वेळेच्या मुद्द्यावर ठाम आहे. प्रतिआक्रमणाचे पहिले आठवडेच महत्त्वाचे होते.

आता सांगा, बचाव करायचा कसा? शत्रूच्या हातात धरण असेल तर?

गेटवाला

पाणी आधी कमी करून. क्रोएशियात सेतिना नदीवर पेरुचा धरण आहे. २८ जानेवारी १९९३ ला सर्बियन फौजांनी त्याच्या पोटात कित्येक टन स्फोटकं उडवली. दगड-मातीच्या भरावाचं धरण, माथा खचला, खाली हजारो लोक. तरी ते वाहून गेलं नाही. कारण त्याआधी संयुक्त राष्ट्रांच्या पथकातल्या मार्क ग्रे नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने सांडवा उघडून पातळी सुमारे चार मीटर उतरवली होती. खचलेल्या माथ्यावरून पाणी गेलं नाही. क्रोएशियन सैन्याने मग धरण घेऊन उरलेलं पाणी सोडलं. बंदूक न चालवता केलेलं याहून मोठं लष्करी काम मला माहीत नाही.

काखोव्कात क्रेन दोनदा हलवली असती तरी पुष्कळ होतं.

पाणवठा (धागाकर्ता)

शेवटचं. निकोपोलला आता पाणी कुठून येतं? आणि धरण पुन्हा बांधणार का?

गेटवाला

दूरवरून नव्या जलवाहिन्या टाकल्या, क्रिव्ही रीह शहराकडेही. बांधणीचं म्हणाल तर युक्रेन सरकारने २०२३ च्या जुलैतच पुनर्बांधणीचा निर्णय घेतला, पण एक काठ रशियाकडे आणि वर तोफा, तिथे कोण काँक्रीट ओतणार? दरम्यान जलाशयाच्या तळात विलोची झाडं दाट उगवली आहेत. धरणाआधी तिथे पूरमैदान होतं, वेलिकी लुह नावाचं, ते परत येतंय म्हणून तिथले पर्यावरणवाले धरणच नको म्हणतात. सिंचनवाले अर्थातच हवं म्हणतात.

माझं मत विचाराल तर आधी कालव्यांचे आणि शहरांचे पंप खालच्या पातळीवर न्यावेत, जमेल तिथे थेट नदीवर. मग पुढे धरण झालं तरी ते कमी उंचीचं चालेल, आणि दरवाजा गणिक स्वतंत्र हॉइस्ट द्यावं. गॅन्ट्रीवर विसंबू नये. हे मी नोकरीतही बोलत आलो.