सीहॉर्सची पिल्लं वरच तरंगत राहतात, काय करू?

खारंपाणी: मी न्यू जर्सीत असतो, ब्रीडरकडून घेतलेली इरेक्टस जातीच्या सीहॉर्सची जोडी आहे. नराची पिल्लांची पिशवी टम्म फुगलीय, आज-उद्यात पिल्लं होतील. मागच्या खेपेला वेगळ्या टँकमधे काढली, एअरस्टोन (बारीक बुडबुडे सोडणारा दगड) लावला, तरी बरीचशी वरच लटकून राहिली आणि गेली. खायला नक्की काय द्यायचं?

रीफवाली: एअरस्टोन काढ आधी! पिल्लं वर येऊन हवा गिळतात आणि मग खाली जाताच येत नाही. नुसती उघडी नळी ठेव, मोठे बुडबुडे सावकाश, पाणी गोल फिरत राहिलं पाहिजे. टँकच्या बाजू काळ्या कागदाने झाक नाहीतर उजेडाकडे धावून काचेला चिकटतात. खायला अंड्यातून ताजी फुटलेली आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखा जीव), दिवसातून चार-पाच वेळा थोडी थोडी, कारण सीहॉर्सला जठरच नसतं, खाल्लेलं झरझर पुढे जातं. एनरिचमेंट, म्हणजे आर्टेमियालाच आधी पौष्टिक खाऊ घालणं, मात्र ती दिवसभराची झाल्यावरच कर, त्याआधी तिला तोंडच उघडलेलं नसतं, सगळं वाया.

पुणेकर_मासा: भारी! इथे मुंबईत कुठे मिळतील जोडीने?

रीफवाली: नको रे बाबा. भारतात 2001 पासून वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत, पकडणं-विकणं गुन्हा आहे. कोणी देतो म्हणाला तरी लांबच राहा, क्लाउनफिश पाळ.

खारंपाणी: नळी लावली, आर्टेमिया उबवायची हॅचरी पण सुरू केली. नर मोकळा झाला की लगेच परत मादीच्या मागे लागतो म्हणे, खरंय?

रीफवाली: हो, कधीकधी त्याच दिवशी. दमत नाही तो, तूच दमशील 😄