दहशतवादविरोधी लढ्यात भारताने जगाला काय दिलं?

गिरगावचा_बाळू:
ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची दहशतवादविरोधी समिती मुंबईत, चक्क ताजमध्ये बसली. अध्यक्षपद आपलं होतं. पण माझ्या मते आपलं खरं योगदान म्हणजे २६/११च्या मुंबई हल्ल्यातल्या कसाबचा खटला. पोलीस तुकाराम ओंबळेंनी नुसत्या काठीच्या जिवावर चौपाटीला एके-४७ची नळी धरून ठेवली, म्हणून एक जण जिवंत हाती लागला. त्याला सरकारने वकील दिला, सुप्रीम कोर्टापर्यंत अपील झालं, दयेचा अर्ज झाला, मग नोव्हेंबर २०१२ मध्ये फाशी. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले, हे कोणी बोलत नाही. तिकडे अमेरिकेच्या ग्वांटानामो तुरुंगात ९/११च्या सूत्रधाराच्या खटल्याचा अजून निकाल नाही.

विरार_फास्ट:
खटला झाला तो आपल्या घरचा. जगाला काय मिळालं? त्याच ताजमध्ये साजिद मीरचा आवाज ऐकवला, नरिमन हाऊसमधल्या अतिरेक्यांना फोनवरून हुकूम देणारा. महिनाभर आधीच चीनने त्याचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीत जाण्यापासून अडवलं होतं, आणि चीन त्या समितीवर आहेच की! दहशतवादाविरुद्धच्या सर्वंकष कराराचा मसुदा आपण १९९६ला मांडला, तो अजून तिथेच पडून आहे.

परळवाला:
संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवादविरोधी निधीला पाच लाख डॉलर दिले ना! तेव्हाच्या भावाने चारेक कोटी. दादरला बरा टू-बीएचके आला असता.

गिरगावचा_बाळू:
@परळवाला, हसू आलं, पण खरी गोम पैशाच्या वाटांमध्येच आहे. २०१० पासून आपण एफएटीएफचे, म्हणजे दहशतवादाचा पैसा रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे, सदस्य आहोत. पाकिस्तान २०१८ ते २०२२ त्यांच्या करड्या, म्हणजे जादा देखरेखीच्या, यादीत होता, त्याच काळात लष्कर-ए-तय्यबाच्या हाफिज सईदला तिथल्याच कोर्टाने दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल शिक्षा दिली. भाषणांनी हे झालं नसतं. जैश-ए-मोहम्मदच्या मसूद अझरचं नावही चीनने शेवटी २०१९ला संयुक्त राष्ट्रांच्या यादीत जाऊ दिलंच.

विरार_फास्ट:
आणि ११ जुलै २००६? सात लोकलमध्ये बॉम्बस्फोट, सगळे फर्स्ट क्लासचे डबे. मी रोज त्याच लाइनने येतो-जातो. २०१५ला बारा जण दोषी ठरले, २०२५ला हायकोर्टाने बाराही निर्दोष सोडले. सुप्रीम कोर्टाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नका म्हटलंय, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. मग बॉम्ब ठेवले कोणी? आधी हे उत्तर द्या, मग जगाला तपास शिकवा.

गिरगावचा_बाळू:
तपासाची लाज वाटते, मान्य. पण दुसऱ्या देशांशी कायद्याने झगडायला आपण शिकलो. मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणाला अमेरिकन ज्यूरीने मुंबईच्या कटातून सोडलं होतं. तरी भारतातले आरोप वेगळे आहेत हे तिथल्या कोर्टांनी मानलं आणि एप्रिल २०२५ मध्ये तो इथे आला.

विरार_फास्ट:
२००९ला शिकागोत पकडलेला माणूस २०२५ला आला, आणि तोही दुय्यम. ताजची रेकी करणारा हेडली अमेरिकेतच पस्तीस वर्षांची शिक्षा भोगतोय, आपल्या कोर्टाला तो फक्त व्हिडिओवर दिसला. मित्रदेश म्हणवणाऱ्यांकडून एवढंच पदरात पडत असेल, तर पुढची समिती ताजमध्ये बसवा नाहीतर चर्चगेटच्या वेटिंग रूममध्ये.