पावसाळ्यातली मशागत आणि लेहचे बेत

पावसाळाभर जुनी कार्बोरेटरवाली बुलेट खोलून बसायचं, मधूनमधून घरातली कामं उरकायची आणि पुढच्या जूनमध्ये मनाली-लेह, हा तुमचा बेत झकास आहे. थोडी भर घालतो.

बाथरूमच्या कामातून उरलेला चार इंची पीव्हीसी पाइप भंगारात देऊ नका. एका बाजूला कॅप, दुसरीकडे आट्यांचं झाकण आणि दोन क्लॅम्प, की पाने, पंक्चर किट, ट्यूब ठेवायला पाणी न शिरणारी नळी तयार. क्रॅशगार्डला बसवा, पण सायलेन्सरपासून लांब.

दुसरं, नवी क्लच केबल सामानात नेण्यापेक्षा जुन्या केबलच्या सोबतीनं आत्ताच ओवून, टोकं टेपनं बांधून ठेवा. तुटली तर थंडीत टाकी काढायची वेळ येत नाही. चेन रॉकेल आणि जुन्या टूथब्रशनं धुऊन ९० नंबरचं गिअर ऑइल लावा, महागडे स्प्रे हवेतच कशाला!

कार्बोरेटरचं मात्र मनावर घ्या. वाटेतली बारालाचा खिंड साधारण १६,००० फुटांवर. हवा विरळ, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त होतं, प्लग काळा पडतो, गाडी दम टाकते. एक लहान भोकाचा मेन जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा भाग) आणि जादा प्लग जवळ असू द्या. जेट बदलायचा सराव घरीच करा. उतरल्यावर आठवणीनं मूळचा परत बसवा, नाहीतर इंजिन तापेल.

मनालीहून लेहला जाताना वाटेतल्या तांडी गावाला टाकी भराच. तिथल्या पाटीवर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असं लिहिलेलं असायचं. आणि हो, निघण्याआधी स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करा, घरून परवानगी लवकर मिळते.